सहाव्या रकान्यातली हिरवी खूण

लातूरच्या एका कॉलेजात महामाया सोनकांबळे बारा वर्षांपासून कॉम्प्युटर लॅबची सहायक आहे. लॅबच्या दारामागं एक जाड रजिस्टर टांगलेलं असतं. कुठला संगणक कधी बंद पडला, त्याला काय झालं होतं, तो कुणी सुरू केला, हे सगळं तिच्या अक्षरात. प्राचार्य तीन वेळा बदलले, प्राध्यापक तर किती आले आणि गेले, पण त्या रजिस्टरवर कधी कुणी शंका घेतली नाही. "मायाबाईंनी लिहिलंय ना? मग झालं," असं म्हणायची तिथं रीतच पडली होती.

हे वळण तिला घरून लागलेलं. तिचे वडील नरसिंग बिलोली तालुक्यातले, रेल्वेत कीमन होते. खांद्यावर हातोडा टाकून रोज सहा किलोमीटर लाइन चालायची, रूळ जखडून ठेवणारी एकेक लोखंडी चावी बघायची, सैल असेल ती ठोकायची. लहानपणी सुट्टीच्या दिवशी ती त्यांच्यामागून चालायची. उन्हात तिला कंटाळा येई, पण वडील एकही चावी सोडून पुढं जात नसत. त्याबद्दल ते कधी काही बोलले नाहीत. त्यांना ते बोलण्यासारखं वाटलंच नसावं.

सात वर्षांपूर्वी कॉलेजनं पंचवीस जुने संगणक मोडीत काढायचं ठरवलं. त्यातले दोन, एकाच घाटाचे, एकाच वर्षी आलेले, महामायानं मागून घेतले. नवं विंडोज त्यांना झेपेना, म्हणून तिनं त्यांच्यावर लिनक्स घातलं. लिनक्स फुकट मिळतं आणि जगभरचे लोक मिळून ते बांधतात, एवढं तिला ठाऊक होतं. मिळून तपासतातसुद्धा, हे नंतर कळलं.

वर्षातून दोनदा, नवी आवृत्ती यायच्या आधी, तपासणीचा एक दिवस ठरवतात. ज्याला वाटेल त्यानं कच्ची आवृत्ती आपल्या यंत्रावर घालायची, दिलेल्या चाचण्या करायच्या आणि इंटरनेटवरच्या तक्त्यात आपल्या नावापुढं खूण करायची. जमलं तर हिरवी, बिघडलं तर लाल. जी चाचणी केली नाही तिचा रकाना मोकळा सोडायचा. मोकळ्या रकान्याबद्दल कुणी कुणाला विचारत नाही.

महामाया ज्या चाचण्या करायची त्या व्हर्च्युअल मशीनच्या. म्हणजे एका संगणकाच्या पोटात दुसरा संगणक चालवायचा. आतल्याला वाटत असतं आपण स्वतंत्र आहोत; खरं तर त्याची सगळी डिस्क म्हणजे बाहेरच्या संगणकातली एक मोठी फाइल असते. पहिल्याच वर्षी तिला एक लाल खूण सापडली, जी दुसऱ्या कुणालाच सापडली नव्हती. चेक देशातली मिलेना नावाची बाई या दिवसांची व्यवस्था बघायची. तिनं लिहिलं, "एवढ्या जुन्या प्रोसेसरवर तपासणारी आमच्याकडं तू एकटीच आहेस. कृपा करून तो संगणक फेकू नकोस."

महामायानं ते पत्र नवऱ्याला वाचून दाखवलं. प्रीतम एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. तो हसून म्हणाला, "बघ, आपल्या भंगारालाबी वाली निघाला!" पण त्या एका वाक्यावर ती कित्येक दिवस खुशीत होती. त्यानंतर तिनं एकही तपासणी चुकवली नाही, आणि तिच्या ओळीत कधी मोकळा रकाना राहिला नाही. जगाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या, कधी न पाहिलेल्या माणसांमध्ये आपल्या नावापुढची ओळ पूर्ण भरलेली दिसते, याचं तिला हळूहळू व्यसनच लागलं.

त्या दोन संगणकांपैकी एक लॅबच्या कोपऱ्यात राहिला. दुसरा प्राचार्यांची सही घेऊन तिनं देवणीला दिला, गुरुपादप्पांना.

गुरुपादप्पा म्हणजे जनावरांच्या दवाखान्यातले निवृत्त पर्यवेक्षक. त्यांची नात सुकन्या महामायाच्या कॉलेजात शिकत होती, त्यामुळं ओळख झाली. नोकरी संपली तरी अप्पांनी एक काम सोडलं नव्हतं: देवणी जातीच्या गुरांची वंशावळ. कुठली गाय कुणाची, तिला कुठला वळू दाखवला, वासरू काळ्या तोंडाचं वानेरा निघालं की अंगभर ठिपक्यांचं शेवरं, सगळं ते लिहून ठेवत. पंचक्रोशीतले शेतकरी वळू दाखवायच्या आधी त्यांना विचारायला येत, कारण वळू स्वतःच्याच लेकीवर गेला तर पुढचं वाण बिघडतं. ही वंशावळ एका जुन्या प्रोग्राममध्ये होती, आणि तो प्रोग्राम फक्त फार जुन्या विंडोजवर चाले. महामायानं युक्ती केली. संगणकावर लिनक्स घातलं, त्याच्या पोटात व्हर्च्युअल मशीन करून त्यात ते जुनं विंडोज बसवलं, आणि त्यात अप्पांचा प्रोग्राम.

"आता यात काही बिघडायची भीती नाही," तिनं अप्पांना शिकवलं. "काम सुरू करायच्या आधी इथं दाबून स्नॅपशॉट घ्यायचा. म्हणजे आतल्या संगणकाचा फोटोच समजा. काही गडबड झाली तर हे दाबायचं, की परत फोटोच्या वेळेला."

"म्हंजे झालेलं न झालेलं करता येतं?" अप्पांनी विचारलं होतं. देवणी कर्नाटकच्या शिवेवर, अप्पांच्या घरी निम्मं कानडी. ते तिला 'तंगी', म्हणजे धाकटी बहीण, म्हणत. "लई भारी हाय हे, तंगी."

त्यांच्याकडं चिठ्ठ्यांची चवड असे. शेतकऱ्यांनी सांगितलेलं ते आधी चिठ्ठीवर टिपत, मग संगणकात घालत, तरी चिठ्ठ्या टाकत नसत. "दोनदा कशाला जपता?" असं महामायाच एकदा म्हणाली. तेव्हापासून ते चिठ्ठ्या टाकून देऊ लागले.

मागच्या सप्टेंबरातल्या तपासणीच्या दिवशी लॅबमध्ये विद्यार्थी नव्हते. महामायानं सकाळी दहाला सुरुवात केली. सात चाचण्या होत्या. पाच झाल्या, पाचही हिरव्या. सहावी होती स्नॅपशॉटची: चालू मशीनचा फोटो घ्या, आत काहीतरी बदला, मशीन बंद करा, मग फोटोवर परत या. तिच्या जुन्या यंत्रावर याला पाऊण तास लागे. तिनं ती मागं ठेवली आणि सातवी, छोटी, आधी उरकली. तेव्हा साडेचार झाले होते. पाचला लॅब बंद करायची होती. पाठ दुखत होती. मागच्या चारही वेळा सहावी चाचणी पहिल्या फटक्यात जमलेली होती.

वीज गेली नव्हती. कुणी बोलावलं नव्हतं. घरी कुणी आजारी नव्हतं. पुढं तिनं कितीदा आठवून पाहिलं, पण सांगण्यासारखं एकही कारण तिला सापडलं नाही. तिनं तक्ता उघडला, आपल्या ओळीत सहा हिरव्या खुणा केल्या, सहाव्या रकान्यावर क्षणभर थांबली, आणि तिथंही हिरवी खूण करून टाकली. मग पर्स उचलली आणि घरी गेली. त्या संध्याकाळी तिला त्याची आठवणसुद्धा झाली नाही.

दिवाळीच्या सुट्टीत ती देवणीला गेली. नवी आवृत्ती आली होती. आधी तिनं अप्पांच्या नोंदींची प्रत पेनड्राइव्हवर घेतली, कारण ती तिची पद्धत होती, आणि मग नवी आवृत्ती घातली. अप्पांनी फराळाचा डबा दिला.

मार्चच्या शेवटी अप्पांचा फोन आला. आवाज नेहमीसारखा नव्हता.

"तंगी, माझ्या हातनं कायतर झालंय बघ. समदं काळं दिसून राहिलंय."

रविवारी तिनं उदगीरची गाडी धरली, तिथून देवणीची. अप्पा संगणकासमोर नव्हते. लांब भिंतीशी खुर्ची ओढून बसले होते. स्क्रीनवर काळ्या पटावर एकच ओळ होती: डिस्क सापडत नाही. प्रोग्राम अडकला होता, म्हणून त्यांनी शिकवल्याप्रमाणं फोटोवर परत जायचं बटण दाबलं होतं. पाच महिन्यांत पहिल्यांदाच.

महामायानं दोन तास खटपट केली. मोठी फाइल जागेवर होती, पण आतून तिचा चुराडा झालेला. हाती राहिली ती दिवाळीची पेनड्राइव्हवरची प्रत. त्यानंतरच्या सगळ्या नोंदी गेल्या होत्या.

"मी बहुतेक दुसरंच काय तर दाबलं आसंल," अप्पा तिकडूनच म्हणाले. "हात कापतेत आजकाल. मी आता त्याला शिवत न्हाई. तूच बघ."

त्यांच्या पत्नी पार्वतीबाई चहा घेऊन आल्या. महामायाच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "तीन दिस झाले, नीट जेवले न्हाईत. म्हणतेत, माझं डोस्कं चालंना झालंय, उद्या आणखी काय करून ठेवीन."

तोवर महामायाच्या डोळ्यांसमोर तो तक्ता आला होता. तिला खात्री नव्हती. आत्ता बोलावं असं वाटलं. पण "बघते, अप्पा," एवढंच म्हणून ती निघाली.

सोमवारी तिनं लॅबच्या कोपऱ्यातल्या जुळ्या संगणकावर सहावी चाचणी केली. सगळ्या पायऱ्या क्रमानं, मिनिटं मोजत. पन्नास मिनिटांनी तोच काळा पडदा आला, तीच ओळ. तिनं पुन्हा केली. पुन्हा तेच.

तिनं त्या दिवशी प्रीतमला सांगितलं. तो जेवता जेवता थांबला. "पण तुला कुणी विचारलंय का?"

"न्हाई."

"मग कशाला सांगत बसतीस? बिघाड सापडला म्हणून कळव. संपलं."

तिनं तसंच केलं. बिघाडाची नोंद पाठवली: जुना प्रोसेसर, स्नॅपशॉटवर परत येताना डिस्कची फाइल नष्ट होते. खुणेबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी मिलेनाचं उत्तर आलं. मिलेनानं तिचे आभार मानले होते. पुढं लिहिलं होतं, "सप्टेंबरमध्ये तुझ्याच यंत्रावर ही चाचणी हिरवी होती. म्हणजे जे बिघडलं ते त्यानंतर. फार उपयोगी माहिती आहे ही. थियागो तेवढेच बदल तपासायला घेतोय."

थियागो ब्राझीलमधला प्रोग्रामर, पगारी नव्हे, हौशी. नोकरी सांभाळून तो हे काम करायचा. सप्टेंबरनंतर झालेले शेकडो बदल तो निम्म्यानिम्म्यानं कापत तपासत चालला. तपासणाऱ्या सगळ्यांना ईमेल जाईल अशी एक यादी होती; रोज त्याचा एक निरोप त्या यादीवर पडे: आज इथपर्यंत आलो, अजून सापडत नाही. एकदा त्यानं लिहिलं की आज सुट्टी होती, पण मुलीला बागेत न्यायचं उद्यावर टाकलं, कारण लोकांचा डेटा जातोय. मधल्या एका दिवशी त्यानं महामायाला थेट विचारलं, "तुझ्या सप्टेंबरच्या चाचणीत फाइलचा प्रकार कुठला होता, आठवतं का?"

जे केलंच नाही त्याचा प्रकार कुठला सांगायचा? खोटं सांगितलं तर तो आणखी आठवडाभर भलतीकडं शोधणार होता. विद्यार्थी प्रॅक्टिकलच्या सह्या घ्यायला आले, तिनं सह्या केल्या. शेवटची सही करायच्या आधी तिनं ते पान दोनदा वाचलं. आपण एकदा केलं, तर बारा वर्षांत आणखी कितीदा केलं असेल, असं उद्या कुणी विचारलं तर? आणि खरंच नाही केलं, हे कशावरून?

बिघाड कळवल्याच्या अकराव्या दिवशी तिनं सगळ्यांच्या यादीवर लिहिलं. इंग्रजी जुळवायला तिला तास लागला, पण मजकूर साधा होता: "सप्टेंबरच्या तक्त्यात माझ्या नावापुढं सहाव्या चाचणीला हिरवी खूण आहे. ती चाचणी मी केली नव्हती. यंत्राची काही अडचण नव्हती. मी थकले होते आणि मला रकाना मोकळा ठेवायचा नव्हता. बिघाड कळवतानाही मी हे लपवलं. तुम्ही इतके दिवस चुकीच्या जागी शोधलं ते माझ्यामुळं. ज्यांचा डेटा गेला त्यातलं एक घर मला ठाऊक आहे."

थियागोचं उत्तर दोन ओळींचं होतं. "ठीक. मग आणखी मागून सुरुवात करतो." राग नाही, समजूत नाही. तीन दिवसांत त्याला चूक सापडली. ऑगस्टमधल्या एका बदलात होती. म्हणजे सप्टेंबरात महामायानं ती पन्नास मिनिटं दिली असती, तर रकाना लाल झाला असता, आणि दिवाळीला देवणीत पोचलेली आवृत्ती नीट असती. हे कुणी तिला लिहिलं नाही. तारखा सगळ्यांसमोर होत्या.

मिलेनानं आठवड्यानं लिहिलं, "तक्त्यातली तुझी ओळ मी बदललेली नाही. तूच बदल." महामायानं हिरवी खूण काढली आणि तिथं 'केली नाही' असं लिहिलं.

देवणीला जायचं मात्र तिनं दोन रविवार टाळलं. एकदा लग्नाचं निमित्त, एकदा उन्हाचं. अनोळखी माणसांना पत्र लिहिणं जमलं. अप्पांच्या ओसरीवर बसून तेच सांगणं जमेना. शेवटी एप्रिलच्या तिसऱ्या रविवारी ती गेली आणि चप्पल काढल्या काढल्या, पाण्याचा तांब्या हातात यायच्या आत, सगळं सांगून टाकलं.

अप्पांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजे बटण मी बरूबर दाबलं होतं?"

"बरोबर दाबलं होतं, अप्पा. तुमची काही चूक नव्हती."

"तुला कधीपासनं ठाऊक हाय हे?"

"तुमच्याकडून गेले, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

अप्पा उठून उभे राहिले. "नोंदी गेल्या तर गेल्या. पर मी तीन आठवडे माझ्या हाताकडं बघत बसलोय, तंगी! लोक येत होते इचारायला. मी त्यांना सांगितलं, माझ्यावर इसंबून राहू नका, माझं डोस्कं गेलंय. ते तू मला सांगू दिलंस." त्यांनी दाराकडं हात केला. "आज जा तू. घरी जा."

पार्वतीबाई दारापर्यंत आल्या आणि तिथूनच मागं फिरल्या. परतीच्या गाडीत महामायाला रडू आलं नाही. आलं असतं तर बरं, असं तिला वाटत होतं.

पुढच्या रविवारी ती न बोलावता गेली. सोबत दोनशे पानी वही होती. अप्पा बराच वेळ तिच्याकडं न बघता पेपर वाचत राहिले. मग त्यांनी मोपेड बाहेर काढली आणि म्हणाले, "बस."

एप्रिलच्या शेवटापासून निम्म्या जूनपर्यंत दर रविवारी ते गावोगाव फिरले. दिवाळीनंतर कुणाकडं वासरू झालं, कुणी गाय घेतली, कुणी विकली, सगळं पुन्हा विचारायचं. लोकांना आठवे, अर्धवट आठवे, दोन भावांना दोन तऱ्हेनं आठवे. अप्पा गोठ्यात जाऊन वासराच्या तोंडाचा रंग, कानांची ठेवण बघत आणि अंदाज सांगत. महामाया त्यापुढं कंसात 'अंदाज' असं लिही. घरी येऊन ती तेच संगणकात घाली, आणि वही अप्पांच्या कपाटात ठेवी. अप्पांच्या हिशेबानं एकशे बारा नोंदी गेल्या होत्या. त्र्याऐंशी परत मिळाल्या. उरलेल्या एकोणतीस जागी तिनं 'ठाऊक नाही' लिहिलं. या सगळ्याबद्दल वडिलांना तिनं काही सांगितलेलं नाही. नरसिंग आता थकलेत, फोनवर विचारतात, "दर ऐतवारी कुठं जातीस गं?" ती म्हणते, "कामाला."

जूनच्या सुरुवातीला ते दगडोबा नावाच्या शेतकऱ्याच्या गोठ्यावर गेले. दगडोबानं डिसेंबरात उदगीरच्या बाजारातून एक कालवड आणली होती, पांढरीशुभ्र, पोटाखाली काळे ठिपके. विकणाऱ्यानं तिच्या आईबापाची माहिती चिठ्ठीवर लिहून दिली होती. अप्पांनी ती संगणकात घातली होती आणि चिठ्ठी टाकून दिली होती. विकणारा आता तेलंगणात कामाला गेला होता, फोन लागत नव्हता.

"औंदा हिला वळू दावायचाय," दगडोबा म्हणाला. "आपल्या गावचा चालंल का, अप्पा?"

अप्पांनी महामायाकडं हात केला. "तिला इचार."

महामाया वहीकडं न बघता म्हणाली, "हिचा बाप कोण ते आता सांगता येत नाही. तुमच्या गावचाच वळू असू शकतो. नोंद होती, ती माझ्या चुकीनं गेली. मी एक काम न करता केलं म्हणून लिहिलं होतं."

दगडोबाला ते नीट कळलं नसावं, पण 'माझ्या चुकीनं' हे कळलं. तो कालवडीच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. "मग आता?"

"लांबचा वळू बघावा लागंल," अप्पा म्हणाले. "कमालनगरकडं एक हाय. त्याची जात मला ठाऊक हाय."

"एवढ्या उन्हाचं तिकडं न्यायचं हिला?"

"इलाज न्हाई."

टेम्पो मिळेपर्यंत दुपार झाली. पुढं ड्रायव्हरजवळ अप्पा बसले. दगडोबानं कालवडीला फळीवरून वर चढवलं, तिच्यामागोमाग तो चढला, आणि महामायाही मागं चढली. कालवड घाबरून सारखी पाय झाडत होती. सगळ्या वाटेत दगडोबा महामायाशी एकदाच बोलला. दोर नीट धरा, म्हणाला.